पिवळी गोळी

ती. बाबा,
नमस्कार, आणि त्यासोबत थोडा रागही.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. फक्त बोलून बोलून घसा बसलाय. नव्या सरकारने रक्तदाबाची पांढरी गोळी बदलून पिवळी आणली, तीही फुकट. दवाखान्यात औषधाच्या खिडकीत मी बसते, म्हणून सगळे माझ्यावरच येतात. "फुकट देतायत म्हणजे खडूच असणार, ताई!" काल एका आजींनी तर "आधी तू खा," म्हणून गोळी माझ्यापुढे धरली.

तेवढ्यात आईचा फोन. तुम्हीही गोळी बंद केलीत म्हणे? चक्कर येते का? सरकारवर हवा तेवढा संशय घ्या, मीही घेते. पण पाकिटावर औषधाचं नाव तेच आहे, बाबा!

इथे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगते, माझे वडीलही हीच घेतात. मला खोटं पाडू नका.

तुमची चिडलेली,
धाकटी