सरकारजमा वहीला वारस

मी, गोजरबाई कडूबा मुजमुले, वय एकाहत्तर, राहणार मौजे सावरधोंडा, ता. परतूर, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे येऊन गेले त्याला बारा वर्षं झाली.

१. राहतं घर आणि पुढचं दुकान मुलगा वसंता याला. दुकानात त्याने मोबाईलचं काही टाकलं तरी हरकत नाही. "मुजमुले बाइंडिंग" ही पाटी मात्र खरवडू नये. वरून दुसरी ठोकावी.

२. कटिंग मशीन, दाभणं आणि खळीचं पातेलं नात शीतल हिला. ती जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहे, तिला यातलं काही लागणार नाही. तरी तिलाच.

३. तातेराव गुरुजींनी देवस्थानच्या जमिनीवर अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक लिहिलं. नाव इथे लिहीत नाही. हे मृत्युपत्रच जप्त झालं तर वसंताचं घर अडकेल. छापील कागद घड्या घालून शिवायला आमच्याकडे आले. घड्या घालताना मी वाचतेच, त्यामुळे माझं तीनदा वाचून झालं. गावातले काकासाहेब यांनी एकदाही न वाचता भावना दुखावून घेतल्या आणि तक्रार केली. मग मुंबईहून हुकूम निघाला, की या पुस्तकाने समाजात तेढ निर्माण होते, सबब प्रत्येक प्रत, जिथे सापडेल तिथे, सरकारजमा. तेढ होती ती पुस्तक आणि काकासाहेबांच्या सातबाऱ्यावर चढलेली देवस्थानची जमीन यांच्यात. समाजाच्या हाती पुस्तक अजून गेलंही नव्हतं.

माझा जुना चष्मा काकासाहेबांना. पुढच्या वेळी आधी वाचावं, मग दुखावून घ्यावं.

४. आता जी वस्तू माझी आहे पण माझ्याकडे नाही, तिच्याविषयी.

लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पानांचे आकडे कळल्याशिवाय पुस्तक जुळवता येत नाही, म्हणून यजमानांनी आधी आकडे शिकवले. मग उरल्यासुरल्या कागदांची एक वही शिवली आणि तीत ते रोज एक ओळ लिहू लागले. ती मी वाचायची. "गोजरा, खळ पातळ झाली." "गोजरा, आज पाणी मी भरतो." "गोजरा, आईचं बोलणं मनावर घेऊ नको." माझी शाळा तेवढीच.

आमच्या घरात कागद वाया जात नसे. वहीचं कव्हर फाटलं, की जे काम चालू असेल त्याचं उरलेलं कव्हर तिला चढायचं. त्या वर्षी गुरुजींच्या पुस्तकाची निळी कव्हरं उरली होती.

जप्तीवाल्या साहेबांनी निळं दिसेल ते पोत्यात भरायला लावलं. मी म्हणाले, साहेब, ती माझी वही आहे, उघडून तरी बघा.

"मावशी, आम्ही जप्ती करून राह्यलो. वाचन न्हाई."

तेव्हापासून "गोजरा, आज पाणी मी भरतो" हे प्रतिबंधित साहित्य म्हणून ठाण्याच्या मालखान्यात आहे. असल्या हुकमाविरुद्ध हायकोर्टात जायला दोन महिने मिळतात. हे मला एका पुस्तकात वाचून कळलं, तिसऱ्या महिन्यात. मी अकरा अर्ज दिले. एकाला उत्तर आलं: "सदर प्रत परत करता येत नाही." प्रत म्हणे. दुसरी असेल तर दाखवावी.

यजमान तीन वर्षांनी गेले. शेवटी शेवटी एकच म्हणायचे, "कव्हर मीच चढवलं, गोजरा." कव्हर तुम्ही चढवलं, पोत्यात तुम्ही नाही टाकलं, असं मी रोज सांगायचे. त्यांना पटलं नाही.

ती वही शीतलला. बारावा अर्ज तिने करावा.

५. सरकारसाठीही काही ठेवते. छपाईत बिघडलेले कागद आम्ही पुठ्ठ्याच्या आत अस्तराला चिकटवत असू. जप्तीच्या आधीच्या महिन्यात आम्ही शाळेचं हजेरीपत्रक बांधलं आणि ठाण्याचं मुद्देमालाचं रजिस्टर बांधलं. दोन्हींच्या पुठ्ठ्यात गुरुजींची पानं आहेत. हुकमात "जिथे सापडेल तिथे" असं आहे. तेव्हा ठाण्याने आपलं रजिस्टर आपण जप्त करावं, आणि त्याची नोंद कशात करायची ते बसून ठरवावं.

हा सगळा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे.

साक्षीदार पहिल्या: प्रभावती, अंगणवाडी सेविका. (सही)

साक्षीदार दुसरे: लतीफ, शेजारी, धंदा शिवणकाम. ऐकून झाल्यावर त्यांनी पेन हातात घेतलं. मग म्हणाले, "भाभी, सहीच्या वर जागा सोडा. मला लिहायचंय." सोडली आहे.

"मी लतीफ. त्या दिवशी जप्तीला पंच मीच होतो. पोतं मी धरलं होतं. निळी वही मी उघडून बघितली होती. आत छापील काही नव्हतं, कडूबाभाऊंचं अक्षर होतं. भीतीपायी बोललो न्हाई, आणि पंचनामा न वाचता सही केली. हे मी ठाण्यात बोलेन, कोर्टात बोलेन. अर्ज शीतल बेटीसाठी ठेवू नका. सोमवारी माझं दुकान बंद असतं. भाभी, आपण दोघं जाऊ." (सही)

कलम ४ मधलं शेवटचं वाक्य मी खोडलं आहे. खोडल्याजागी माझी सही आहे.

गोजरबाई कडूबा मुजमुले
सावरधोंडा, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५