टीव्हीचा खोका

प्रिय वहिनी,

आज शुक्रवारची सुट्टी म्हणून बाजारात जाऊन इस्त्री घेऊन आलो. खोक्यात कंपनीची चिठ्ठी निघाली: बिल आणि बारकोड पोस्टाने पाठवा, काही पैसे परत मिळवा. कात्री कुठे असते ते विचारायला मी तुला हाक मारली. सवय, दुसरं काय! हॉलमध्ये बसलेल्या दादाने ती ऐकली. त्याने फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. मग मला काहीच सुचेना, म्हणून हे पत्र.

स्टेडियमच्या कामावर दोहाला आलो तेव्हा दोन वर्षं तुमच्याकडे काढायची आणि परत जायचं, एवढंच ठरलेलं होतं. तू लग्न होऊन नाशिकच्या घरी आलीस तेव्हा मी शाळेत होतो. इथे बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्येही तू मला शाळकरीच समजलीस. पैसे परत मिळवायची विद्यासुद्धा पाढे शिकवावेत तशी शिकवलीस.

एरवीही घेणारच आहोत अशा वस्तूवरचीच ऑफर बघायची. इथल्या उन्हात गाडीत राहिलेलं बिल कोरं होतं, म्हणून आधी झेरॉक्स. बारकोड कापला तरी पैसे हातात येईपर्यंत खोका टाकायचा नाही. पाकीट रजिस्टर्डच पाठवायचं. दादा म्हणायचा, बाल्कनीचं गोडाऊन झालंय. तू ऐकून घ्यायचीस आणि आणखी एक खोका नीट रचायचीस.

वॉशिंग मशीनचं बिल पोचलंच नाही असं कंपनीने कळवलं, तेव्हा तू किती फोन केलेस! शेवटी शेवटी पलीकडचा माणूस पैशांचं राहू देऊन हिंदीत तुझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला. पैसे आले, पण खोकल्याचं तू त्याला सांगितलंस आणि आम्हाला नाही. का गं?

डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं त्याच आठवड्यात मिक्सर बिघडला. तू नवा आणायला लावलास आणि उशीला टेकून फॉर्म भरायला घेतलास. मी म्हटलं, वहिनी, आता कशाला हा त्रास?

तू मान वर न करता म्हणालीस, "पैसे यायला तीन महिने लागतात म्हणे. म्हणजे तीन महिने मला कुठे जाता यायचं नाही."

मी हसलो. तुला हसणंच हवं होतं ना?

आणि ते पैसे आले! त्या पैशांत तू आम्हा सगळ्यांना समैस्माच्या समुद्रकिनाऱ्यावर नेलंस. खुर्ची पाण्याच्या कडेला ठेवून दिवसभर बसलीस. तुझी लेक सई इंग्रजीत बडबडत होती आणि तू तिला मराठीत उत्तरं देत होतीस. त्या दिवशी मला वाटलं, ही काही जात नाही.

मग वर्ल्ड कप जवळ आला. दुकानादुकानांत टीव्हीवर ऑफर लागल्या. दादाने मोठा टीव्ही आणला. आजवरच्या सगळ्या ऑफरमध्ये याच टीव्हीवर सगळ्यात जास्त पैसे परत मिळणार होते. मी फॉर्म आणि कात्री तुझ्या पुढ्यात ठेवली. तू त्या कोऱ्या खोक्यावरून नुसता हात फिरवलास.

"खाली कचऱ्यात ठेवून ये, सागर. खलास."

दादा भिंतीशी वायरी लावत होता. मी खोका उचलला आणि लिफ्टने खाली गेलो. वर यायला मला बराच वेळ लागला. तुझ्यावर माझा राग एवढाच आहे, की ते तू मला सांगितलंस, दादाला नाही. मग मीही ते कोणाला सांगितलं नाही. रस्त्यावर झेंडे लागायच्या आत तू गेलीस.

हे लिहीत असताना दादा चहा घेऊन आला. मी त्याला त्या दिवसाचं सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"मी ऐकलं होतं," तो म्हणाला. "वायरी केव्हाच लावून झाल्या होत्या. मागे वळायची हिंमत नव्हती."

तू गेल्यापासून तो माझ्यासमोर रडला नव्हता. आज रडला.

वहिनी, माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. परत जायचं ठरलं होतं, पण नव्या कामासाठी मी होकार कळवतोय. सईची शाळा पूर्ण होईपर्यंत मी या घरातून हलणार नाही. हा माझा शब्द.

तुझा,
सागर