दाढेचं निमित्त

३ फेब्रु., तिसगाव
वही आणून महिना झाला, पान कोरंच. आज लिहू, उद्या लिहू. कॉलेज सुटलं, भंडारदऱ्याचं तंबू लावायचं काम सुटलं, आईच्या बोलण्याला कंटाळून पुण्याहून मावशीकडे आलो, तेही 'चार दिवसांसाठी'.
मावशीला परवा गाडीवर नगरला न्यायचंय, काकांना न सांगता. कोल्हारच्या लग्नात एका बाईनं मावशीकडे बोट करून आईला विचारलं होतं, "ही तुमची थोरली बहीण का?" आई मावशीपेक्षा चांगली मोठी. मावशी हसली. नंतर जेवली नाही.

५ फेब्रु.
नगर, स्किनचा दवाखाना. हातातलं रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, वर येतं ते पिवळसर पाणी बारीक सुईनं तोंडावर ठिकठिकाणी टोचायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरकुत्या पुसल्या जात नाहीत. थोडा फरक पडेल, तोही दोन-तीन महिन्यांनी. नाही पडला तर भांडायचं नाही."
मावशी : "कांदे काढून रापलेलं तोंड हाय बाई. थोडंच बास."
मशीन बघत बसलो. भारी फिरतं.
बाहेर आली तर गाल सुजलेले, लाल ठिपके. दोन दिवस काही लावायचं नाही, ऊन नाही. करंजी घाटात माकडं दिसली म्हणून थांबलो. "मुडद्या, ऊन लागतंय मला!"
काकांना सांगितलं, दाढ काढली. काका : "दोन्हीकडनं सुजलीस. सगळं दुकानच रिकामं केलं का त्या दातवाल्यानं?"

६ फेब्रु.
शेजारच्या सुमनकाकूंच्या पोरीची हळद. भिंतीला भिंत, त्यात सवाष्ण, मावशीला जावंच लागलं. नवरीची झाल्यावर बायका एकमेकींना फासायला लागल्या. मावशी "नगं गं" म्हणाली, तर सुमनकाकू : "अगं, दाढंच्या सुजंला हळद लई चांगली!" आणि दोन्ही गालांवर लेप. खरं सांगावं तर गावभर होणार, म्हणून मावशीनं लावून घेतलं.
मी कुठं होतो? डीजेवाल्याशी वायरींबद्दल...
धुतलं तरी ठिपक्याठिपक्यात पिवळं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. चोळू नका, जास्त दुखलं की लगेच या. "मग गुण येईल ना?" "आत्ताच सांगता येत नाही."

७ फेब्रु.
सूज कमी. पिवळं तसंच, खाज. मावशी आरसा घेऊन ओट्यावर.
"आक्काला कळू द्यायचं न्हाई बरं का. म्हनंल, हिला आता कशाला."
व्हय म्हणालो. परवा आईला फोनवर मावशीची दाढ काढल्याचं बोलून बसलोय, ते नाही सांगितलं. दाढच तर म्हणालो.

दुपारी
फाटकाशी रिक्षा. आई! न कळवता, पुण्याहून, हातात सांज्याचा डबा. दाढ काढलीय ना, मऊ काहीतरी म्हणून. हाक मारतेय, "बारके, अगं बारके!"
मावशीनं पदर तोंडावर ओढला. मग खाली सोडला.
"बघतो काय, कडी काढ."