स्थळाची चौकशी

५ जानेवारी, सोमवार

वैताग! येलदरी धरणावर प्रकल्प लिहून आणा म्हणालो होतो. अख्ख्या वर्गाचं धरण मोबाइलातल्या एकाच एआयमधून आलं. एकाच्या शेवटच्या ओळीत तर — 'हवे असल्यास मी हे अधिक सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो.' विचारलं, हे कोण म्हणतंय? पोरगं म्हणालं, "मीच की सर."

प्राचार्यांना दाखवलं. म्हणाले, "भाषा छान आहे." कॉलेज तपासायला समिती यायच्या आत 'संशोधन कौशल्य कार्यशाळा' उरका म्हणाले. मी ग्रंथपाल, आणखी करणार काय? बॅनर छापून तयार आहे. विद्यार्थ्यांचं नंतर बघू!

८ जानेवारी

आज पुस्तकं बाजूला ठेवली. फळ्यावर लग्नाचा बायोडाटा लिहिला. पाथरीत हा कागद वाचता येत नाही असं घर दाखवा! 'मुलगा इंजिनिअर. पुण्यात नोकरी. घर पिंगळीला. निर्व्यसनी.' आणि विचारलं — कशावरून?

वर्ग खडबडून जागा झाला. एक म्हणाला, "सर, निर्व्यसनी तर समदेच लिहितेत." दुसरी म्हणाली, "कंपनीत फोन लावू की." मागच्या बाकावरून पिंकी — आईबाप ऊसतोडीला गेलेत तिचे — म्हणाली, "लिहिणारा पोराचाच मामा असंल तर त्याचं काय धरायचं?" वा! इतकी वर्षं संदर्भ, पुरावा, स्रोत म्हणून घसा कोरडा केला. एका मामानं काम केलं.

पिंकीच्या गटाला मुलाचं नाव, पत्ता, कंपनी देऊन गृहपाठ दिला — दोन दोन ठिकाणांहून खात्री करून या.

त्यांना सांगितलं नाही ते इथं लिहितो. बायोडाटा आमच्याच घरात आलेला आहे. आमच्या पोरीचं, शिवरंजनीचं ज्याच्याशी ठरलंय त्या शंभुराजचा. सुपारी फुटली, तारीख निघाली. आणि आम्ही चौकशी काय केली? साडू म्हणाले, "घर चांगलं हाय." झालं!

१० जानेवारी

प्राचार्य भडकले. "ग्रंथालय आहे का वधूवर सूचक मंडळ?" मग बॅनरखाली उभे राहून फोटो काढून घेतला.

१३ जानेवारी

बायको विचारते, जेवण का जाईना? काय सांगू तिला! पोरीचं लग्न गृहपाठात अडकलंय. पत्रिका छापायला गेल्यासुद्धा.

१६ जानेवारी

पिंकीचा गट आला. पिंगळीला जाऊन शेजारी गाठले, स्टेशनाजवळचा चहावाला गाठला, पुण्याला फोन लावला. सगळं खरं! नोकरी खरी, डिग्री खरी. पानटपरीवाला म्हणे, "त्यो आपलं गिऱ्हाईकच न्हाई." असा खरा बायोडाटा अख्ख्या जिल्ह्यात निघायचा नाही. माझे डोळे भरून आले. पोरांना वाटलं, सरांना आमच्या कामाचं कौतुक. वाटू दे. पैकीच्या पैकी दिले.

पिंकी मात्र उठेना. "सर, काम अर्धंच हाय. ज्या पोरीसाठी हे स्थळ हाय तिचा पत्ता द्या की. तिचं काय म्हणणं हाय, ते कुणीच लिहिलं न्हाई."

म्हणालो, ते विषयाच्या बाहेर आहे. तिनं ऐकून घेतलं. तोंड मात्र पाडलं.

रात्र झाली, झोप येईना. ही काल आलेली पोर मला शिकवणार?

१७ जानेवारी

पत्रिका आल्या. शिवरंजनी त्यांच्यावर नावं टाकत बसली होती. तिची आई स्वयंपाकघरात. जाता जाता विचारल्यासारखं केलं — मुलगा पसंत आहे ना गं?

तिनं पेन खाली ठेवला.

"आता विचारायलाव, बाबा?"

म्हणालो, हो, आता.

"मग न्हाई."

शेजारी बसलो. मुलात खोट नाही म्हणाली. तिला अजून शिकायचंय. किती वेळ बोलत होती! मी ऐकत होतो. मग साडूंना मीच फोन लावला — लग्न थांबवा म्हणून.