लवंगीचं वजन

३ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

टाके निघाले. डॉक्टरांनी पोटावरची रेघ बोटाने दाबून पाहिली, हर्निया व्यवस्थित शिवला गेलाय म्हणाले, आणि जाता जाता आता काही महिने वजन विसरा असं हसत सांगितलं. सुताराला वजन विसरायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. दुकानात मालकांनी मला ड्रॉवर घासायला बसवलंय. ज्या कपाटाने माझं पोट फाडलं, तसलीच कपाटं माझ्यासमोरून दोघं नवखे उचलून नेतात, दाराच्या चौकटीला घासतात, आणि मी पॉलिश पेपर हातात धरून बघत बसतो. हात नुसते शिवशिवतात.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी घरी करायला व्यायाम दिलाय. ऐकून हसशील. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, पुन्हा बसायचं. भिंतीला तळवे लावून भिंत ढकलायची. पाठीवर पडून कंबर उचलायची. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. रोज फक्त दहा मिनिटं, आणि अजून करावंसं वाटत असतानाच थांबायचं. हा शेवटचा नियम काही माझ्या गळी उतरत नाही. दहा मिनिटांत आमच्याकडे लाकूड चिकटवायचा सरससुद्धा पातळ होत नाही. पण ही घड्याळ घेऊन समोर उभी राहते, त्यामुळे इलाज नाही.

आक्का, माझा जीव कशात अडकलाय ते तुला माहीत आहे. लवंगीच्या पायांत जन्मापासून जोर नाही आणि आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी तिला उचलून खाली तिच्या चाकाच्या खुर्चीपर्यंत न्यायची, संध्याकाळी वर आणायची, हे तेरा वर्षं मी केलं. हिच्या अंगात तेवढी ताकद नाही, म्हणून तर पोर तुझ्या तळमजल्यावर ठेवावी लागली. शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत मला तिला घरी आणायचंय, आणि मी उचलू शकलो तरच ती येऊ शकते. घरात तिची खोली रिकामी बघून मी उगाच येरझाऱ्या घालतो. ही म्हणते, फरशी झिजवाल.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, वाढला तर माझी तक्रार नाही.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. भिंत ढकलण्यापाशी आम्ही सगळे हसलो. भिंत हलली की कळव, असं तुझे भावोजी म्हणाले. लवंगी मात्र हसली नाही. तिने ते व्यायाम मला दोनदा वाचायला लावले आणि श्वास नक्की कधी सोडायचा ते विचारलं. बापाची काळजी, दुसरं काय!

तू लहानपणापासून असाच. पोहायला शिकायच्या आधी विहिरीत उडी मारणारा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्या बाई सांगतात तेवढंच कर. माझ्या बाइंडिंगच्या कामात पुस्तक दाबायच्या शिकंज्यातून घाईने काढलं, तर पुठ्ठा जन्मभर वाकडा राहतो. तुझ्या पोटाचंही तेच समज.

इथे आमचं बरं चाललंय. लवंगी मला पानं जुळवायला मदत करते, अभ्यासही करते. तिच्या दोन विजारी मागून पार झिरझिरीत झाल्यात, जाड कापडाच्या दोन पाठवायला तुझ्या बायकोला सांग. तुझे जुने कामाचे हातमोजे असतील तर तेही पाठव, माझ्याकडचे फाटले. दुपारी ती मागच्या अंगणात बसते आणि दार लावून घेते. या वयात पोरींना थोडा एकांत लागतो, मी विचारत नाही.

जिवाला जप. आशीर्वाद देऊन ठेवलेत, पुरवून वापर.

तुझी,
आक्का


१४ मार्च

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

विजारी आणि हातमोजे मिळाले असतील. विजारी एवढ्या कशा झिजतात ते काही कळलं नाही. तुझ्याकडच्या खुर्चीची बैठक एकदा तपासून घे, एखादा बारीक खिळा वर आला असेल.

माझी प्रगती मात्र मुंगीच्या पावलाने. आता हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन उठा-बशा. बाई खूश आहेत. मी नाही. बाटली कुठे आणि माझी पोर कुठे! दुपारी दुकानात बसलं की मनात हिशेब सुरू होतो, की या गतीने गेलो तर शाळेच्या आधी काही जमत नाही. मग शेजारच्याशी उगाच वाकडं बोलतो. परवा मालकांवरही तडकलो. त्यांनी ऐकून घेतलं, हे जास्त लागलं.

तुझ्याकडे एक काम आहे. रद्दी मोजायचा मोठा काटा आहे ना तुझ्या दुकानात, त्यावर एकदा लवंगीला बसव आणि वजन कळव. मी एक पेटी केलीय, दोन्ही बाजूंना मुठी लावल्यात. तिच्या वजनाइतक्या फळ्या त्यात भरून सराव केला म्हणजे अंदाज येईल. आणि तिला लोणी जरा बेताने देत जा. आत्याच्या लाडात पोर भारी झाली तर उचलणारा मी एकटा आहे.

हे मोठ्याने वाचू नकोस. लोभ नेहमीचाच असावा.

धाकटा


२ एप्रिल

ती. आक्कांना,
सा. न. वि. वि.

यांच्या नकळत लिहितेय. तुम्ही वजन कळवलं नाहीत ते बरंच केलंत, पण जित्याची खोड! यांनी अंदाजाने फळ्या भरल्या आणि उजाडायच्या आत पेटी घेऊन जिना चढायला लागले. मला वाटायचं दूध आणायला जातात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी परवा दार उघडलं तर हे पायरीवर बसलेले, एक हात पोटावर, चेहरा पांढराफटक. पेटी शेजारी.

आतले टाके सुटलेले नाहीत, स्नायू ओढला गेलाय. त्या बाईंनी मात्र असं खडसावलं की मला मनातून बरं वाटलं. बाटल्या बंद, पुन्हा पहिल्यापासून भिंत. घरी आल्यावर हे पेटीवरच बसून राहिले. मग म्हणाले, पोरीला उचलता येत नाही तो बाप कसला. मला राग आला, आक्का. मी तर तिला ती पाळण्यातून उतरल्यापासून जिन्यावर उचलू शकलेली नाही, मग मी आई नाही का, असं विचारलं. त्यावर खिडकीत जाऊन उभे राहिले.

लवंगीला यातलं काही सांगू नका. आमच्या दोघांवर माया असू द्या.

तुमची भावजय


११ एप्रिल

ती. बाबांना,
शि. सा. न.

शिरसाष्टांग नमस्कार पद्धत म्हणून लिहिला आहे. मी तुमच्यावर रागावलेली आहे.

आईचं पत्र आलं तेव्हा दाराशी मी होते, पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं आणि मीच ते वाचलं. त्याबद्दल मला आईने रागवावं, तुम्ही नाही. तुमचं आधीचं पत्र आत्याने वाचून दाखवलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी ती रद्दीच्या काट्याकडे बघून माझ्याकडे बघायची आणि नजर फिरवायची. आत्याला लपवता येत नाही. मग मी विचारून विचारून काढलंच.

बाबा, मी फळ्यांची पेटी नाही. आणि लोणी मी खाणार.

एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. मला उचलून नेलेलं आता आवडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका माझा गाल ओढतात, कारण तुमच्या खांद्यावर माझा गाल नेमका त्यांच्या हाताशी येतो. वर्गातल्या मुली खाली थांबलेल्या असतात आणि वर बघत असतात. मी मोठी झालेय. सांगितलं नाही, कारण मला नेताना तुम्ही शीळ घालता. दिवसभरात तुम्ही तेव्हाच शीळ घालता.

आता खरी बातमी. मागच्या अंगणात उतरायच्या पायऱ्या आहेत ना, त्यांवर मी चढते. पाठमोरी बसून, हात वरच्या पायरीवर टेकून, अंग वर ओढायचं. पहिल्या दिवशी बूड हललंसुद्धा नाही, मी रडले आणि दार लावून घेतलं. मग तुमच्या बाईंचे नियम पाळले. दहाच मिनिटं, जोर लावताना श्वास सोडायचा, आणि करावंसं वाटत असताना थांबायचं. तुम्ही ते पाळले असते तर! आता दुकानातल्या माळ्याचा जिना मी वरपर्यंत चढते. हातमोजे माझ्यासाठीच मागितले होते. आत्याला मी शपथ घातली होती, तिला बोलू नका.

मी घरी येणार. पण तुम्ही उचलायचं नाही. जिन्याचा कठडा मला उंच पडतो, तर भिंतीला खालच्या अंगाला एक दांडी लावा, मला धरता येईल अशी. बाकी जिना माझा.

राग अजून आहे. माया पण आहे, ती मोजू नका.

लवंगी


१६ एप्रिल

चि. लवंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही. खोटं कशाला सांगू? जिन्यावर तू खांद्यावर असायचीस तो माझ्या दिवसाचा चांगला भाग होता. तो तुला नकोसा झालाय हे मला कळलंच नाही. एवढा रोज जवळ असून कळलं नाही.

पेटी मोडली. फळ्या सरळ निघाल्या, त्याच चिरून, जोडून जिनाभर दांडी होईल. इमारतीतल्या लोकांना विचारलं, कोणाची हरकत नाही. काट्यावर अजिबात बसू नकोस. फक्त पायरीवर बस, आणि खांद्यापासून बसल्या पायरीपर्यंत सुतळी धरून तेवढी कापून पाठव, म्हणजे दांडी किती उंच लावायची ते कळेल.

माझे व्यायाम चालू आहेत. भिंत. दहा मिनिटं. तू लिहिलंस तसं थांबतो, पण थांबल्यावर या हातांचं काय करायचं ते बाईंनाही सांगता येत नाही.

तुला हवी तेवढी माया घे.

तुझा,
बाबा


३० मे

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

पोर सुखरूप पोचली. भावोजींनी गाडी फाटकाशी लावली, चहासुद्धा न घेता परत फिरले. त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी पळू देणार नाही.

तू विचारशील म्हणून सगळं लिहितो. मी खालच्या पायरीवर आडवा बसलेला, ती माझ्या वरच्या पायरीवर जिन्याला पाठ करून, तिचं तोंड माझ्याकडे. म्हणजे ती चढणार आणि मी तिच्याकडे बघत एकेक पायरी तिच्या मागोमाग वर सरकणार. हात लावायचा नाही, असं तिने बजावलं होतं. आक्का, कपाट उचलणं सोपं. तिचे दंड थरथरायचे, ओठ घट्ट मिटलेले, आणि माझे हात आपोआप पुढे जायचे. शेवटी मी ते माझ्याच मांड्यांखाली दाबून बसलो. ही वरून कठड्यावर ओणवी होऊन बघत होती आणि मला हात पुढे करू नका अशा खुणा करत होती.

दुसऱ्या मजल्यावर काकांनी दार उघडलं आणि सवयीने वाकले. लवंगीने घामेजलेलं तोंड वर करून त्यांना, अगदी मोठ्या माणसासारखं, कसे आहात म्हणून विचारलं. बिचारे ओशाळले. हात मागे घेतला आणि आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

शेवटच्या वळणावर तिचा तळवा दांडीवरून सुटला. ती एक पायरी घसरून खाली आली, माझ्या गुडघ्यांवर आदळली. मी उभा राहिलोच. उचलून घ्यायला माझ्यात आता ताकद आहे, बाईंनी मागच्याच आठवड्यात तसं लिहून दिलंय. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बसलो. खाली बसायला एवढा जोर लागतो हे मला माहीत नव्हतं. तिने हात पुसले आणि पुन्हा सुरुवात केली.

वर पोचली तेव्हा सकाळची उन्हं जिन्यावरून निघून गेली होती. उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून बसली, केस कपाळाला चिकटलेले. ही रडत होती, मीही. मला वाटलं, संपलं, आता पोरीला माझी गरज नाही, आणि हे चांगलंच झालंय असं मी स्वतःला समजावत होतो. तेवढ्यात तिने दोन्ही हात पुढे केले आणि उचला म्हणाली. मी म्हटलं, दार तर समोर आहे, आता कशाला. तर म्हणे, जिन्यासाठी नाही, एवढे दिवस तुम्ही नव्हतात म्हणून.

उचललं, आक्का. आत गेलो. खाली ठेवा म्हणेल तेव्हा ठेवायची, असं ठरवून तिच्या खोलीत उभा राहिलो. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तुझे उपकार फेडायचे नाहीत, वागवायचे आहेत. आम्हा तिघांवर लोभ राहू दे.

तुझा,
धाकटा