पाच इंच खाली

३ मार्च, रविवार

ठरलं! ट्रक खाली घ्यायचा, म्हणजे त्याची उंची कमी करून जमिनीलगत आणायचा. अपांचाच, म्हणजे वडिलांचाच ट्रक, नव्वद सालचा, आता माझ्या नावावर आलेला. मकारियोला फोन केला तर भाऊराया हसत सुटले. "सत्तेचाळीसची बाई तू, शाळेची बस चालवतेस, आणि आता पोरांसारखी जमीन घासत हिंडणार?" हो, हिंडणार!

खरं कारण त्याला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी अपा पीचच्या बागेत शिडीवरून पडले, खुबा मोडला. नंतर ट्रकमध्ये चढता येईना. मकारियोने एकदा चर्चसमोर, सगळ्यांदेखत, बगलेत हात घालून त्यांना उचलून आत ठेवलं. प्रेमानेच केलं बिचाऱ्याने. पण त्या दिवसापासून अपा फाटकाबाहेर पडलेले नाहीत. चर्चलासुद्धा नाही. विचारलं की, "मला कुठं जायचंय?"

त्यांना आपले आपण चढता आलं पाहिजे. बस, एवढंच.

५ मार्च

पडवीत फळांच्या दोन पेट्यांवर बसून अपा बूट घालतात. तिथे बसता-उठताना कुणाचा हात लागत नाही. ते आंघोळीला गेले तेव्हा टेप लावली — अठ्ठावीस इंच. आपला ट्रक मोजला असता तर अपांना खिडकीतून दिसलं असतं, म्हणून शाळेच्या आवारातला तसलाच नव्वद सालचा मोजला. सीट तेहतीस. म्हणजे पाच इंच. सोपं!

९ मार्च, शनिवार

सकाळ लेंचोच्या गॅरेजात गेली. शाळेत माझ्याच वर्गात होता, आता गावातले निम्मे ट्रक त्याने खाली घेतलेत. पुढच्या स्प्रिंगा गॅसने कापून दे म्हणणारे अजून येतात म्हणे. "देतो कापून. मग खड्डा आला की दात मोजून घे!" नको रे बाबा, मोडक्या खुब्याला असले दणके नकोत. आखूड स्प्रिंगाही दाबून पाहिल्या, कडक वाटल्या. शेवटी स्पिंडल बदलायचं ठरलं. चाक ज्यावर बसतं तो भागच वेगळ्या घडणीचा. मूळ स्प्रिंगला हात लावायचा नाही, चाल पूर्वीसारखीच मऊ. पुढे चार इंच.

मागे ॲक्सल पाट्यांच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या, खाली असतो, तो वर बसवायचा. त्याला उसळायला जागा हवी, म्हणून चासीत खोबण. मागे सहा इंच. मधे सीटपाशी बरोबर पाच!

एक गिऱ्हाईक म्हणालं, "हवेच्या पिशव्या लावा की, बटण दाबलं की वर-खाली." लेंचोने असं काही पाहिलं की तो माणूस कॉफी आणायला गेला.

१६ मार्च

सामान आलं. स्पिंडल जेवणाच्या टेबलावर ठेवून नुसती बघत बसले. देखणी वस्तू! अपा मक्याची तोर्तिया मोडत म्हणाले, "ट्रक वजन वाहायला असतो. त्याला खाली बसवायला तो काय अंड्यावरची कोंबडी आहे?"

३० मार्च, शनिवार

सगळं बसवलं. पाने मी फिरवले, खोबणीचं वेल्डिंग लेंचोचं. ट्रक खाली सोडला — आणि शेपूट वर! सीट मोजली, एकोणतीस.

लेंचो आधी वाकून बघत राहिला, मग पोट धरून हसायला लागला. "एल्विरा, तुझ्या बापानं पाटा वाढवलाय! या गावात प्रत्येकाच्या बापानं वाढवलाय, आणि प्रत्येक जण कंपनीच्या उंचीवरून मोजतो." खरंच की! पीचच्या पेट्या जास्त बसाव्यात म्हणून अपांनी ब्याण्णव साली जास्तीचा पाटा घातला होता. मी तेव्हा दिवा धरून उभी होते. विसरले! गाढवच मी.

"एका इंचानं काय होतंय?" लेंचो म्हणाला. त्याला काय सांगू?

३१ मार्च

अपांना विचारलं. पाटा काढू का? न विचारता काढणं जमेना. त्या पाट्यावर दीड-दीड टन पीच गेलेत, त्यावरच माझी नि मकारियोची शाळा झाली. त्यांनी ताटातली दोन्ही अंडी संपवली. मग — "लेंचो मधला बोल्ट तोडेल. मी असल्याशिवाय हात लावायचा नाही."

गॅरेजला जाणार कसे? लेंचोला फोन केला.

६ एप्रिल, शनिवार

लेंचोच आला, हत्यारं घेऊन, आमच्या अंगणात. अपा स्टुलावर. "तेल सोड. थांब. आता अर्धा फेरा. अरे अर्धा म्हणजे अर्धा, रेड्या!" बोल्ट आख्खा निघाला. लेंचो, ज्याचं गावभर नाव, तो मान खाली घालून अपांना आदरानं "हो डॉन बाल्तासार, हो डॉन बाल्तासार" करत होता. मला इतका अभिमान वाटला!

पाटा अपांनी फडक्याने पुसला. "भंगारात द्यायचा नाही."

सीट अठ्ठावीस.

७ एप्रिल, रविवार

"चला अपा, गावच्या चौकातल्या बागेभोवती एक फेरी." नाही म्हणाले. "मला न्यायला यायचं नाही कुणी." ट्रकचं दार उघडून उभी राहिले तसं तोंड फिरवून घरात गेले. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

एकटीच गेले. दर रविवारसारखे खाली घेतलेले सगळे ट्रक चौकात हळूहळू फिरत होते, गाणी लावून. माझा आला तशा माना वळल्या. एका मिशीवाल्याने गुडघा टेकून खाली पाहिलं. "पिशव्या?" "स्पिंडल." त्याने टोपी काढली! अंगावर मूठभर मांस चढलं. पण बाजूची सीट रिकामी होती.

८ एप्रिल, सोमवार

बस लावून घरी आले. अंगणात ट्रक नाही. अपा नाहीत. फाटकाबाहेर धावले.

तेवढ्यात मकारियोचा फोन. पलीकडे हॉर्न. "अगं, अपा माझ्या दारात! स्टिअरिंगवर! कुणी चढवलं त्यांना?"

"कुणी नाही."

"मला शेजारी बसायला सांगतायत. सगळी गल्ली बघतेय. म्हणाले, चढतोस, का उचलू?"