दुकान वाढवलं

आबा, काल इंदापूरला तुमच्या दुकानापुढून गेले. आता तिथं चपला विकतात. तुमच्या फळ्या गेल्या, त्या जागी शटर आलंय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पत्र आलं की मीच वाचून दाखवायचे. तरी हे तुम्हालाच लिहितेय.

संध्याकाळी तुम्ही मशीनवर कापड टाकायचात, कातर खिळ्याला अडकवायचात आणि हात जोडून म्हणायचात, “चला, दुकान वाढवू.” दुकान बंद केलं, असं तोंडातून काढायचं नाही, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक. मी मात्र शाळेत जायला लागले आणि एकदा विचारलंच, “आबा, बंद करताय आणि वाढवू म्हणताय. हे खोटं नाही का?” तुम्ही हसलात. “हिच्या डोक्यात शाळा गेली,” म्हणालात आणि सुई माझ्यापुढं धरलीत. “हं, ओव दोरा.” दोरा ओवायचं काम तेव्हापासून माझ्याकडं आलं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

मी कॉलेजसाठी बारामतीला राहायला गेले, तेव्हा तुमच्या बोलण्यात एकच विषय असायचा. शेजारचा गाळा घ्यायचा, दुसरं मशीन टाकायचं, शाळेच्या गणवेशांचं काम धरायचं. मीही मैत्रिणींना ते सांगत सुटले होते. अशात एका दुपारी स्टँडवर इंदापूरच्या गाडीच्या खिडकीत आपल्या शेजारचे पानपट्टीवाले तात्या दिसले. गाडी सुटली होती. ते ओरडले, “पोरी, आबानं दुकान वाढवलं गं! येऊन जा!” मी दोन्ही हात हलवले. मग पेढे घेतले आणि मागून येणाऱ्या गाडीनं निघाले.

दुकानाला फळ्या लावलेल्या. मला वाटलं, जेवायला गेला असाल. घरी येते तर मशीन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. आई भाकरी थापतेय. तुम्ही भिंतीला टेकून बसलाय. मी विचारते, “शेजारचा गाळा घेतला ना, आबा?” आईचा हात परातीतच थांबतो.

“शेजारचा कुठला,” तुम्ही म्हणता. “आपलाबी सोडला. सुईचं भोक दिसंना आता.”

तात्या घरी डोकावले तेव्हा मी रडतच त्यांच्यावर धावून गेले. “तुम्ही खोटं सांगितलंत!”

“आगं, खोटं काय? भरदुपारी, बारामतीच्या स्टँडावर, गाडीतनं वरडून कुणी सांगंल का, की दुकानाला कायमच्या फळ्या लावल्या? वर येऊन जा म्हनलं. तर तू हसतीस, हात हलवतीस. म्हनलं, पोरगी खुळी झाली.”

“त्यो खोटं न्हाय बोलला,” तुम्ही म्हणालात. “तू शब्द तेवढा ऐकलास. बोलणाऱ्याचं तोंड बघावं.”

“त्यांचं तोंड काय बघती,” आई म्हणाली, “पानानं भरल्यालं.” मग तुम्हीच पहिले हसलात, आणि पेढ्याचा पुडा सोडलात. “पोरीनं आणल्यात. खावा.”

आता मी बारामतीत वकिलांकडं टायपिंग करते. पक्षकार काही सांगू लागला की माझी बोटं थांबतात. हे कुणाला म्हणालात, कधी, आधी काय बोलणं चाललं होतं, असं मी विचारत बसते. वकीलसाहेब वैतागतात. “बाई, बोलले तेवढंच टाइप करा.” मला ते जमत नाही. तेवढंच धरून मी एकदा पेढे घेऊन घरी आले होते.

काल इंदापूरच्याच स्टँडवर भिगवणचे एक म्हातारे गिऱ्हाईक भेटले. लग्नातला कोट तुम्ही शिवल्याचं सांगत होते. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक नसावं. “आबा काय म्हणतात? दुकान कसं हाय?”

“वाढवलं,” मी म्हणाले. खरं तेच सांगत होते.

“व्वा! व्हायलाच पायजे हुतं! हात सोन्याचा हाय त्यांचा.” म्हातारे इतके खूश झाले. गाडी लागली, ते चढले, खिडकीतून हात हलवत राहिले. सगळ्यांना खोदून विचारणारी मी, आबा, मीही हात हलवला. त्यांची चूक दुरुस्त करावीशी मला वाटली नाही.